भांडारापासून खाटेपर्यंतचा उशीर : अधिष्ठाते आणि वैद्यकीय अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयांचे अधिष्ठाते, जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय अधीक्षक यांस,

विषय : भांडारात उपलब्ध असलेले औषध वॉर्डात पोहोचण्यास होणारा विलंब.

महोदय / महोदया,

मी ३१ वर्षे शासकीय सेवेत परिचारिका होते. त्यांपैकी शेवटची ११ वर्षे मेडिसिन वॉर्डाची परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून काम केले आणि तिथूनच निवृत्त झाले. सेवेत असताना जे तोंडी अनेकदा बोलले, परंतु कधी कागदावर मांडले नाही, ते आता मांडत आहे. माझे रुग्णालय कोणते हे येथे सांगणार नाही, कारण राज्यात मी जिथे जिथे बदलीवर गेले किंवा मैत्रिणींकडून ऐकले, तिथे चित्र थोड्याफार फरकाने हेच होते.

औषधांच्या तुटवड्याची चर्चा आपल्याकडे होते ती बहुतेक खरेदीची होते. २०१७ पासून खरेदी लसी बनवणाऱ्या राज्य शासनाच्या हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही रिक्त पदे आणि औषधखरेदी हेच मुद्दे पुढे आले. हे सर्व आवश्यकच आहे, आणि खरेदीच झाली नसेल तर पुढचे बोलण्यात अर्थ नाही. परंतु औषधाची गाडी रुग्णालयाच्या फाटकातून आत आली, भांडाराच्या साठावहीत नोंद झाली, की प्रश्न संपला असे आपण सगळे धरून चालतो. माझे म्हणणे त्यानंतरच्या टप्प्याविषयी आहे. भांडार तळमजल्यावर आणि वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, एवढ्याच अंतरात औषधाला पाच पाच तास लागताना मी पाहिले आहेत, आणि त्या पाच तासांची नोंद कोणत्याही वहीत होत नसे.

एक दिवस तपशिलाने सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला होता आणि खाली गाद्या टाकलेल्या होत्या. तालुक्याहून पहाटे आलेल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याचा रक्तदाब उतरत चालला होता. साडेदहाच्या राऊंडला युनिटच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचे निदान करून प्रतिजैविक बदलले आणि केसपेपरवर मेरोपेनेम लिहिले. आमची इंडेंटची, म्हणजे औषधांच्या मागणीची, वही मात्र नियमाप्रमाणे साडेनऊलाच भांडारात गेली होती. आता तातडीचे इंडेंट करायचे, आणि हे औषध वरच्या श्रेणीतील असल्याने त्यावर युनिटप्रमुखांची सही हवी. ते तोवर विद्यार्थ्यांच्या तासाला गेले होते. सही मिळाली तेव्हा साडेबारा वाजले होते. वॉर्डातले एकमेव मामा (कक्षसेवक) दुसऱ्या रुग्णाला सोनोग्राफीला घेऊन गेले होते. ते परत आले तेव्हा भांडाराच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती. दोन वाजता आमची पाळी बदलली, ओव्हर, म्हणजे कामाचा ताबा, देण्याघेण्यात अर्धा तास गेला. मामा अडीचला चिठ्ठी घेऊन गेले ते हात हलवत परत आले, कारण चिठ्ठीवर एक ग्रॅमच्या वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) मागितल्या होत्या आणि भांडारात पाचशे मिलिग्रॅमच्या होत्या. संख्या दुरुस्त करून पुन्हा सही आणा, असा निरोप होता. तीन वाजून वीस मिनिटांनी औषध वॉर्डात आले आणि साडेतीनला पहिला डोस गेला.

तो रुग्ण वाचला. एकोणीस दिवसांनी चालत घरी गेला. त्यामुळे या उशिराने त्याचे काय नुकसान झाले, हे मी सांगू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. परंतु सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णांवरील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या दर तासाच्या विलंबामागे जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेले आढळले होते, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला शक्यतो एका तासाच्या आत प्रतिजैविक द्यावे असे सांगतात. आमचा तास पाच तासांचा झाला होता. त्या पाच तासांत रुग्णाच्या मुलाने मला चार वेळा विचारले, की बाहेरून आणून देऊ का, सिस्टर? चौथ्यांदा विचारले तेव्हा औषध आमच्याच इमारतीत असताना त्याला बाहेरची चिठ्ठी द्यावी की काय, असा मोह मला झाला होता. अनेक वॉर्डांत तो मोह आवरला जात नाही, आणि मग मोफत उपचारांच्या रुग्णालयात नातेवाईक फाटकासमोरच्या मेडिकलच्या रांगेत उभे दिसतात. त्यातील काही चिठ्ठ्या तुटवड्यामुळे लिहिलेल्या असतात हे खरे; पण काही निव्वळ उशिराला कंटाळून लिहिलेल्या असतात, आणि दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात, ‘औषध नाही’ या खात्यात, जमा होतो.

आता त्या दिवशी चूक कोणाची होती, हे शोधून पाहावे. मी पुष्कळ विचार केला. मला कोणाचीच सापडली नाही. वही वेळेत गेली होती. युनिटप्रमुख त्यांच्या कामावर होते. औषधनिर्माण अधिकाऱ्याने लिहिलेल्या संख्येपेक्षा वेगळी संख्या दिली असती तर साठा जुळला नसता. मामा दिवसभर पळत होते. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि सर्वांचे नियम एकमेकांना जोडल्यावर पाच तास निघाले. म्हणूनच अशा प्रसंगी ज्ञापन (मेमो) काढून, खुलासा मागवून काही साधत नाही, असे माझे मत आहे. खुलासा सगळ्यांचाच समाधानकारक असतो.

सर्वांत सोपी आणि सर्वांत विचित्र गोष्ट इंडेंटच्या वेळेची. बहुतेक ठिकाणी वॉर्डांनी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान मागणी नोंदवायची असते, कारण त्यानंतर भांडाराला बाह्यरुग्ण खिडकी सांभाळायची असते. राऊंड मात्र साडेनऊ-दहाला सुरू होऊन अकरा-साडेअकराला संपतो. म्हणजे दिवसाची औषधे ठरण्याआधीच दिवसाची मागणी बंद होते. परिसेविका मागणी करते ती आदल्या दिवशीच्या आठवणीवर, आणि राऊंडला जे बदलले ते एक तर उद्यावर जाते किंवा ‘तातडीचे’ बनते. ज्या वॉर्डात दिवसाला आठ-दहा तातडीची इंडेंट जातात, तिथे तातडी या शब्दाचे वजनच उरत नाही. भांडारातील माणूस आकडीच्या रुग्णाची चिठ्ठी आणि पित्ताच्या गोळीची चिठ्ठी एकाच नजरेने पाहू लागतो. मागणीची वेळ राऊंडनंतर दोन तासांवर आणावी आणि सायंकाळी पाचच्या सुमारास दुसरी फेरी ठेवावी, एवढ्यानेच निम्मी तातडी संपेल असे मला वाटते. यासाठी शासन निर्णय लागत नाही, आपल्या सहीचे परिपत्रक पुरते.

परंतु याहून खोल असलेली गोष्ट हिशेबाची आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. औषध मुदतबाह्य झाले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि वसुलीची टांगती तलवार भांडारपालाच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहते. साठ्यात दहा वायल कमी भरल्या तरी तेच. उलट औषध पाच तास उशिरा दिले म्हणून कोणाच्या सेवापुस्तकात काही लिहिले गेल्याचे मी ३१ वर्षांत ऐकलेले नाही. ज्या गोष्टीचा जाब विचारला जातो ती माणूस जपतो. म्हणून भांडार साठा जपते. मागितल्या दोनशे तर दिल्या ऐंशी, हा हात राखून देण्याचा स्वभाव वाईटपणातून आलेला नाही, तो आपल्या तपासणीच्या पद्धतीने घडवलेला आहे.

याचे उत्तर आम्ही वॉर्डातल्या बायका कसे देत होतो तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऐंशी मिळणार हे ठाऊक असल्याने आम्ही दोनशे हव्या असताना चारशे लिहीत असू. जे जास्त मिळेल ते कपाटाच्या खालच्या खणात ठेवत असू. शनिवार-रविवार, लागून आलेल्या सुट्ट्या, मार्चअखेर आणि दिवाळी यांच्या आठवणीने तो खण भरत जाई. माझ्या खणात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक पडून असताना शेजारच्या सर्जरी वॉर्डात त्याच औषधासाठी बाहेरची चिठ्ठी लिहिली जात असेल, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. कळले तर उसने द्यायचो, आणि उसनवारीची एक वेगळी खासगी वही आम्हा परिसेविकांमध्ये चालत असे. ती वही खरे तर रुग्णालयातील सर्वांत वेगवान औषधवाटप यंत्रणा होती! लेखापरीक्षकांना ती दिसली असती तर आम्ही सगळ्याजणी अडचणीत आलो असतो. अशा रीतीने वॉर्ड फुगवून मागतो, म्हणून भांडार कापून देते, आणि भांडार कापते म्हणून वॉर्ड आणखी फुगवतो. यात खरा खप किती हे कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षीची वार्षिक मागणी याच फुगलेल्या-कापलेल्या आकड्यांवरून मुंबईला जाते. खरेदीतला तुटवडा आणि वॉर्डातला उशीर यांचा सांधा इथे आहे.

तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले, त्याचे नाव आपल्याकडे खरेदीच्या संदर्भात नेहमी निघते. मला त्यातील एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे प्रत्येक संस्थेला बँकेसारखे पासबुक दिले गेले, ज्यात तिच्या वाट्याची रक्कम आणि उचललेल्या औषधांची किंमत दिसते. आपल्या वाट्याला काय आहे हे दिसू लागले, की दडवून ठेवण्याची गरज कमी होते. हीच कल्पना रुग्णालयाच्या आत, वॉर्डाच्या पातळीवर आणता येईल. मागील तीन महिन्यांचा प्रत्यक्ष खप काढून प्रत्येक वॉर्डासाठी नेहमीच्या तीस-चाळीस औषधांचा किमान आणि कमाल साठा ठरवावा, आणि किमान पातळी आली की मागणी न करताही तो भरून मिळावा. दोन डब्यांची जुनी पद्धत इथे उत्तम चालते : पहिला डबा रिकामा झाला की तोच मागणीपत्र म्हणून खाली जातो आणि तो भरून येईपर्यंत दुसरा वापरला जातो. घरातल्या डाळ-तांदळाचे नियोजन करणाऱ्या कोणत्याही बाईला हे शिकवावे लागणार नाही. ज्याची मुदत तीन महिन्यांत संपणार आहे असा माल दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिनशर्त परत घेऊन जिथे खप आहे तिथे फिरवावा, आणि असा वेळेत परत केलेल्या मालाबद्दल परिसेविकेला प्रश्न विचारू नयेत.

येथे एक सावधगिरी नोंदवते, कारण उशिराच्या रागात उलट टोकाला जाणे सोपे असते. सगळीच औषधे वॉर्डात आणून ठेवणे हा उपाय नव्हे. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण वॉर्डाच्या कपाटात ठेवू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण घाईत चुकीचे अँप्यूल फोडले तर रुग्णाचे हृदय थांबू शकते. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते, आणि वॉर्डातील फ्रिजमध्ये कर्मचाऱ्यांचे डबे असतात हे आपण सगळे जाणतो. मॉर्फीन कुलपातच हवे. औषधनिर्मात्याची नजर चिठ्ठीवरून फिरणे हा वेळेचा अपव्यय नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाने औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपवले आहे ते याच कारणासाठी. मात्र ही नजर खिडकीच्या गजांआडूनच पडली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत वॉर्डात काम करणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टची कल्पना स्पष्टपणे आहे. सकाळच्या राऊंडला मेडिसिन आणि अतिदक्षता विभागात एक औषधनिर्माण अधिकारी उभा राहिला असता, तर मेरोपेनेम एक ग्रॅमचे नाही, पाचशेचे आहे, हे साडेदहालाच तिथल्या तिथे सांगितले गेले असते. निवासी डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितात आणि भांडाराच्या यादीत मूळ नाव असते, त्यामुळे होणारी परतफेरीही वाचली असती. पदे रिक्त आहेत, माणूस कुठून आणायचा, हा आपला प्रश्न मला ऐकू येतो. सर्व वॉर्डांसाठी नाही, तर जिथे दिवसाला सर्वाधिक औषधे बदलतात अशा दोन विभागांसाठी, फक्त दोन तास, एवढेच मागते. ते दोन तास खिडकीवरच्या वादावादीतून परत मिळतील, याची मला खात्री आहे.

वरच्या श्रेणीतील प्रतिजैविकांना सहीची अट असावीच. त्यांचा वापर ज्या सैलपणे होतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु सही पहिल्या डोसाला अडवू नये. पहिले चोवीस तास औषध निवासी डॉक्टरांच्या जबाबदारीवर मिळावे आणि त्यानंतर सही नसेल तर बंद व्हावे. वॉर्डाच्या मामांना औषधासाठी खाली पाठवण्याऐवजी भांडाराचाच माणूस ठरलेल्या वेळी ट्रॉली घेऊन मजल्यामजल्यावर फिरला, तर आठ वॉर्डांच्या आठ माणसांचे हेलपाटे वाचतात. रोज सकाळी आठ वाजता आज भांडारात काय नाही आणि त्याऐवजी काय आहे, एवढी यादी निवासी डॉक्टरांच्या मोबाइलवर गेली, तर नसलेले औषध लिहिलेच जाणार नाही. आजही ही माहिती असते, पण ती भांडारपालाच्या डोक्यात असते.

रात्रीविषयी थोडेच लिहिते, कारण रात्री व्यवस्था अशी काही नसतेच. मुख्य भांडार सायंकाळी बंद होते, अपघात विभागाशेजारची एक खिडकी उघडी असते आणि तिथे जे असेल ते असते. झटके येणाऱ्या गरोदर बाईसाठी मॅग्नेशियम सल्फेट, सर्पदंशावरचे प्रतिविष, अ‍ॅड्रेनालिन, झटक्यांवरची इंजेक्शने ही औषधे संबंधित वॉर्डाच्या आणीबाणी ट्रेमध्ये क्रमांकित सीलखाली असावीत आणि सील फुटले की त्याच पाळीत ट्रे बदलून मिळावा. माझ्या काळी ट्रे असे. बदलून मात्र सोमवारी मिळे.

सुट्टी मिळालेल्या रुग्णांचा उशीर कोणी मोजतच नाही, कारण त्याने कोणी दगावत नाही. डॉक्टर अकराला सांगतात, घरी जा. डिस्चार्जकार्ड एकला तयार होते, घरी न्यायच्या गोळ्या चारला मिळतात. गावाकडची गाडी तोवर गेलेली असते आणि उरते ती सायंकाळची मुक्कामी एसटी. मधल्या वेळात खाट अडलेली असते आणि नवा रुग्ण खाली गादीवर असतो. उद्या ज्यांना सोडायचे त्यांची औषधे आदल्या सायंकाळच्या फेरीतच मागवली, तर हा प्रकार बहुतांशी थांबतो. आम्ही एका उन्हाळ्यात आमच्या वॉर्डापुरते असे करून पाहिले होते आणि दुपारी एकच्या आत खाटा मोकळ्या होऊ लागल्या होत्या. पुढे भांडारातील साहेब बदलले आणि ते बंद पडले. परिपत्रक नव्हते ना.

महागड्या खासगी रुग्णालयांत हल्ली वायुदाबाच्या नळ्यांतून औषधे वर जातात, बोटाचा ठसा दिल्यावर उघडणारी कपाटे असतात. त्यांपैकी काहीही मी मागत नाही. आपल्याकडे लिफ्ट चालू राहिली तरी पुरे आहे.

मी एकच गोष्ट आग्रहाने मागते, ती म्हणजे मोजमाप. ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणकीय प्रणालीत भांडारातून किती वायल निघाल्या ते दिसते. डॉक्टरांनी केव्हा लिहिले आणि रुग्णाला केव्हा मिळाले, हे दोन टोकांचे क्षण आमच्याकडे तरी कोणी जुळवून पाहत नव्हते. तातडीच्या प्रत्येक चिठ्ठीवर घड्याळातल्या चार वेळा लिहिल्या जाव्यात : औषध लिहिले ती, चिठ्ठी भांडारात पोहोचली ती, औषध वॉर्डात आले ती आणि डोस दिला ती. कायम नको, कारण कायमच्या नोंदी दुसऱ्या महिन्यापासून खोट्या होतात. रात्रपाळीला बसून आठवड्याच्या वेळा एकदम भरल्या जातात, हे मी अनुभवाने सांगते. दर तीन महिन्यांनी एक आठवडा, दोन वॉर्ड, फक्त पहिले डोस. त्यावरून कोणालाही ज्ञापन देणार नाही, असे आपण आधीच लेखी जाहीर करावे, नाहीतर आपल्याला हवे तसे आकडे मिळतील आणि खरे आकडे मिळणार नाहीत. आठवडा संपला की अधिसेविका (मेट्रन), भांडारप्रमुख आणि दोन निवासी डॉक्टर यांना समोरासमोर बसवून सर्वांत लांबलेल्या दहा चिठ्ठ्या एकेक करून वाचाव्यात. माझा अंदाज आहे, की औषध देण्यात गेलेला वेळ त्यात अगदी थोडा निघेल, आणि उरलेला सगळा सही, माणूस आणि बंद खिडकी यांची वाट पाहण्यात गेलेला असेल. अंदाज चुकला तरी हरकत नाही. मग निदान खरे कारण कळेल.

पहिल्या आठवड्यासाठी पावसाळ्यातला मेडिसिन वॉर्ड निवडावा, आणि त्या सात दिवसांत एक रविवार असेल असे पाहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका